आठ माड, देवबाग

दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं
की डाव्या हाताला कर्ली, उजव्या हाताला दर्या,
मधे आमचं देवबाग, बोटभर.
हरचंदर तारीने इथे, खाडीपासून पुळणीपर्यंत,
आठ माडांवर चुन्याने आठ आकडे घातले :

७ ३ ९ ३ ९ १ ३ ३

लोकांना वाटलं, पाडेकऱ्यासाठी खुणा.
तलाठ्याला वाटलं, अतिक्रमण.

तो बर्फाच्या फॅक्टरीत मेहता. दिवसभर लाद्या मोजायच्या,
ट्रॉलर गेले की चिठ्ठ्यांच्या पाठीवर भागाकार.
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस :
या एका संख्येला त्याने अडीच वर्षं भागलं,
दोनपासून साडेआठ हजारांच्या पलीकडे,
हजारावर मूळ संख्या, एकीमागून एक.
ओल्या कागदावर शाई फुटायची,
मग तोच भागाकार परत.
एकीनेही भाग गेला नाही.

मी तेव्हा दहावीत, गणितात नापास.
"ही मूळ आसा," तो म्हणाला.
"आता शेपटेकडसून येक आकडो काड."
त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा.
तीही मूळ.
"आजून येक काड."
असं काढत काढत त्र्याहत्तरवर आलो, मग नुसत्या सातवर.
"दर्यान कितीय खाल्ल्यान
तरी मूळ ती मूळच रवतली."

मग नववा माड लावूया, मी म्हटलं.
ते त्याचं करून झालं होतं.
एक किंवा सात लावला तर तीननेच तुटते.
तीन आणि नऊ लावून बघण्यात पावसाळे गेले,
मासेमारी बंद, फॅक्टरी बंद, घरात चिमणी आणि कागद.
त्याही तुटल्या.
"हिच्या फुडे आकडो नाय," तो म्हणाला.
"हयसर जमीन संपली."

फयानात शेवटचे दोन्ही तीन एका रात्रीत गेले.
एक गेला त्यानंतर चार वर्षांनी,
भर दुपारी, वारा नसताना, कुणी ढकलल्यासारखा.
हरचंदर घरी आला, त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीसचा
जुना कागद काढला,
दोनशे एकाहत्तरपर्यंतचे अठ्ठावन्न भागाकार
पुन्हा तपासले.
बरोबर होते.
मग जेवला.

नऊ तौक्त्यात गेला, तो त्याने पाहिला नाही.
त्याच्या मागचा तीन गेल्या श्रावणात.

उरले सातशे एकोणचाळीस.
मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः भागून पाहिलं,
ओल्या पुळणीवर, काठीने.
सातने चार उरले, अकराने दोन,
तेराने अकरा, सतराने आठ,
एकोणिसाने सतरा, तेविसाने तीन.
त्यापुढे जायचं कारण नव्हतं.
लाट येऊन तेविसाचा भागाकार घेऊन गेली
तरी मी तिथेच बसलो होतो.

दिवाळीनंतर कर्लीत वाळूचे पंप आलेत.
रात्री चालतात, दिवे विझवून.
सातच्या माडाची मुळं खाडीच्या बाजूने उघडी पडलीत,
ओढाळ जनावराच्या बरगड्यांसारखी.

डावीकडून आकडा गेला तर काय,
हे मी हरचंदरला कधी विचारलं नव्हतं.
त्याची ट्रंक उघडली.
शेकडो चिठ्ठ्यांच्या तळाशी एक सापडली :

३९३९१३३ = ११ × ३५८१०३

खाली एक शब्द नाही.
पाठीवर चौदा लाद्या, उधार.

काल कुबलांची स्वरांगी, चौथीतली,
माडांवरचे आकडे मोठ्याने वाचत होती.
मग खेळ म्हणून सातच्या माडापुढे जाऊन उभी राहिली,
दप्तर पाठीला लावून,
आणि तो पुरता झाकला गेला.
"तेरा त्रिक एकोणचाळीस," ती ओरडली,
उड्या मारत,
आणि बाजूला झाली.